चीनमध्ये आमचं आडनाव

हिंगणघाटात आमच्या आडनावाची दोन दुकानं होती आणि ती समोरासमोर होती. दोन्हींत पाण्याच्या मोटरा, पाइप, फुटव्हॉल्व्ह, स्टार्टर असा एकसारखा माल. रस्त्याच्या अलीकडचं दुकान माझ्या बाबांचं, पलीकडचं त्यांच्या चुलतभावाचं, म्हणजे माझ्या काकांचं. दोघांच्या वडिलांनी मिळून एकच दुकान काढलं होतं. पुढे मुलांचं पटेना, तेव्हा माल वाटला, गिऱ्हाइकं वाटली, गोडाऊनची कुलपंसुद्धा वाटली. नाव मात्र वाटता येईना. मग दोघांनीही तेच घेतलं. बाबांनी बोर्डावर लिहवलं, 'हेच जुने व मूळ दुकान'. लगेच काकांनी लिहवलं, 'हेच जुने व मूळ दुकान, आमची कोठेही शाखा नाही'. मग बाबांनाही आपली शाखा कोठेही नाही हे जाहीर करणं भाग पडलं. गावातल्या पेंटरची दोन पोरं आमच्या भाऊबंदकीवर शिकली असं आई म्हणायची.

दोघं एकमेकांशी बोलत नसत. सकाळी एकाच वेळी शटर वर करत, एकाच वेळी अगरबत्ती ओवाळत, आणि ओवाळताना देवाकडे कमी आणि समोर जास्त पाहत. आमच्या घरात काकांना 'तो रस्त्यापलीकडचा' म्हणत. त्यांच्या घरात बाबांना काय म्हणत ते काकूनं मला पुढे सांगितलं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही. आई आणि काकू मात्र आठवडी बाजारात भेटायच्या, भाजी घ्यायच्या आणि आपापल्या नवऱ्याची कीव करून घरी परतायच्या.

दोन हजार साल उलटल्यानंतरच्या एका उन्हाळ्यात नागपूरहून एक माणूस दुकानात आला. त्यानं टाय घातला होता. मे महिन्यात हिंगणघाटच्या उन्हात टाय घालून फिरणाऱ्या माणसाला खरं तर पाणी पाजून परत पाठवायला हवं. तो म्हणाला, वेबसाइट काढा. बाबांनी त्याला चहा दिला आणि नाही म्हटलं. तो म्हणाला, सगळं जग तुमचं दुकान पाहील. बाबा म्हणाले, जगाले मोटर नाई लागत. तो उठलाच होता, पण उठता उठता म्हणाला, "सेठ, निदान नाव तरी घेऊन ठेवा. एकदा तुम्ही तुमचं आडनाव घेतलं का जगात दुसऱ्या कोणाले भेटणार नाई."

बाबांनी त्याला पुन्हा बसवलं.

"दुसऱ्या कोणाले म्हणजे?"

"कोणालेच नाई."

बाबांनी हनुवटीनं रस्त्यापलीकडे दाखवलं. "त्यालेही नाई?"

"त्यालेही नाई."

अशा रीतीनं आमचं घराणं इंटरनेटवर आलं.

साइट सुंदर होती. वर झेंडा फडकत होता, खाली 'आपले स्वागत आहे' ही अक्षरं उजवीकडून डावीकडे धावत होती आणि मधे बाबा एका सबमर्सिबल मोटरवर हात ठेवून उभे होते, वाघ मारल्यासारखे. किती लोकांनी साइट पाहिली त्याचा आकडा कोपऱ्यात होता. तो वाढत होता, कारण बाबा रोज मला वर्ध्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तो पाहायला लावत आणि प्रत्येक वेळी तो एकानं वाढे. त्या साइटवरून एकही मोटर विकली गेली नाही. समुद्रपूरकडचा शेतकरी बसनं येऊन, दुकानाच्या पायरीवर बसून, पाणी पिऊन, भावात घासाघीस करूनच मोटर घेत राहिला.

काकांना हे कळलं तेव्हा त्यांनी त्याच टायवाल्याला गाठलं. आडनाव गेलेलं होतं. टायवाल्यानं त्यांना तेच आडनाव, मधे एक आडवी रेघ आणि पुढे 'ब्रदर्स' असं जोडून दिलं. काकांना सख्खा भाऊ नव्हता. चुलत होता, तो समोर बसून हे पाहत होता.

मी तेव्हा वर्ध्याला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होते. रोज बसनं जाणं-येणं. घरात इंग्रजी आणि इंटरनेट या दोन्ही खात्यांची जबाबदारी माझ्याकडे होती. अधिकार मात्र माझ्याकडे नव्हते.

पहिलं पाकीट पोस्टानं आलं. तिकीट विदेशी, कागद जाड आणि वर पंख पसरलेल्या पक्ष्याचा शिक्का. इंटरनेटवरचं तुमचं नाव संपत आलं आहे, ते लगेच वाढवून घ्या, नाहीतर कायमचं जाईल, असा मजकूर. खाली सही होती आणि सहीखाली हुद्दा. मी संध्याकाळी वर्ध्याहून परतले तेव्हा ते पत्र दुकानात येणाऱ्या वकीलसाहेबांच्या हातात होतं. हे साहेब शेतांच्या हद्दीच्या, धुऱ्याबांधाच्या भांडणांत निष्णात होते.

"नोटीस हाये," ते म्हणाले. "मुदत दिली हाये. मुदत गेली का नाव जप्त."

मी पत्र हातात घेतलं. ज्या नागपूरवाल्याकडून नाव घेतलं होतं त्याचा त्यात कुठे पत्ता नव्हता. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की हे बिल नाही, आमच्याकडे या अशी विनंती आहे, आणि पैसे भरल्यास तुमचं नाव आमच्या कंपनीकडे वर्ग केलं जाईल.

"बाबा, ही जाहिरात हाये. खाली बारीक अक्षरात लिहिलं हाये, हे बिल नोहे म्हणून."

"बारीक अक्षर कोण वाचते?" बाबा म्हणाले. "महत्त्वाचं असतं तर त्यायनं मोठं लिहिलं असतं."

वकीलसाहेबांनी मान डोलावली. हा युक्तिवाद त्यांना कोर्टातही उपयोगी पडला असावा.

विदेशी ड्राफ्ट काढणं हा त्या काळी आमच्या बँकेत समारंभच होता. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गेले. आधी एका टेबलावर, मग दुसऱ्या, मग मॅनेजरच्या केबिनमध्ये चहा. गावात बातमी झाली की अमक्याचा विदेशात पैसा चालला आहे, आणि ती समोर पोचेल अशी व्यवस्था बाबांनी स्वतः केली. काही दिवसांनी नागपूरच्या टायवाल्याचा फोन आला. "सेठ, माह्याकून नाव काऊन काढलं? मी तर याच्या चौथाईत करून देत होतो."

"आम्ही आता डायरेक्ट हेडऑफिससंग बोलतो," असं सांगून बाबांनी फोन ठेवला.

एकदा दार उघडं दिसलं की आणखी लोक येतात. पुढच्या वर्षी ईमेल सुरू झाले. आमच्या घरी तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. बाजारात एक जण सायबर कॅफे चालवायचा, आधी त्याचं एसटीडी बूथ होतं. तो बाबांचा मेल उघडायचा, छापायचा आणि पानामागे पैसे घ्यायचा. काकांचाही मेल तोच उघडायचा. तो बोलायला कमी होता, आणि गावात त्या एकाच गुणामुळे त्याचा धंदा चालत होता.

त्यानं छापून दिलेला कागद बाबांनी माझ्यापुढे ठेवला. कागद चीनहून आला होता. नावं नोंदवणारं एक कार्यालय अतिशय अदबीनं कळवत होतं की एका तिसऱ्याच पार्टीनं तुमचं नाव चीन, हाँगकाँग आणि तैवान या भागांसाठी मागितलं आहे. ते तुमचे कोणी आहेत का? नसतील तर नावावर पहिला हक्क तुमचा. तातडीनं उत्तर द्या, नाहीतर आम्हाला नाइलाजानं ते त्यांना द्यावं लागेल.

"तिसरी पार्टी म्हणजे कोण?" बाबांनी विचारलं.

"इथं कोण्या तरी चिनी कंपनीचं नाव लिहिलं हाये."

"नाव तर कोणाचंही टाकता येते." बाबा समोर पाहत होते. समोर काका एका गिऱ्हाइकाला पाइप मोजून देत होते, वाकून, अगदी निष्पापपणे. बाबांना तो निष्पापपणाच खटकला.

"बाबा, काका चीनमधी काऊन जातीन? त्यायले नागपूरच्या बसमधी उलटी होते."

"त्याले जाची गरज का हाये? इंटरनेटवर घरी बसूनच कुठीही जाता येते, हे तूच सांगतलं होतं."

याचं उत्तर डिप्लोम्यात शिकवलं नव्हतं. त्यातच त्या सुमारास बाजारात स्वस्त चिनी इंजिनं आणि फवारणीचे पंप यायला लागले होते. काकांच्या पायरीवर खोकी उतरताना बाबांनी पाहिलं की त्यांवर चिनी अक्षरं आहेत. आता पुरावाही मिळाला. काकांनी चीनमध्ये आमच्या नावानं दुकान थाटायचं ठरवलं होतं, हे बाबांच्या मनात इतकं पक्कं बसलं की ते मोटरीचा भाव सांगतानाही मधेच थांबून दात आवळायचे.

बाबांनी चीन घेतलं. मग हाँगकाँग घेतलं. तैवान घेण्यापूर्वी ते कुठे आहे एवढं विचारलं, आणि मी नकाशात दाखवल्यावर "एवढूसंच हाये" म्हणून तेही घेतलं. मग पुढचा मेल आला, मग त्याच्या पुढचा. चीनवाले फार सज्जन. प्रत्येक वेळी आधी आम्हालाच विचारत. जाम गावच्या चौफुलीपलीकडे आमच्या दुकानाचं नाव कोणाला माहीत नव्हतं, पण हाँगकाँगमध्ये ते सुखरूप होतं. मी सांगायचे, हे सगळं थोतांड दिसते. बाबा म्हणायचे, "थोतांड असतं तर त्यायनं माह्यं आडनाव बरोबर कसं लिहिलं? आपल्या नगरपालिकेले अजून लिहिता नाई येत."

याच गडबडीत माझं लग्न ठरलं. मुलगा सिंदी मेघेचा, घरचं कापडाचं दुकान, वर्ध्याच्या बाजारात. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आमच्या घरी होतं. बोलवायच्या माणसांची चर्चा सुरू झाली तेव्हा आईनं काकांचं नाव काढलं. बाबा म्हणाले, तो आला तर मी घरात थांबणार नाही.

"नका थांबू," आई म्हणाली. "पोरीच्या साक्षगंधाले चुलता नसला तर पाहुणे का म्हणतीन? तुम्ही नसले तर मी सांगीन चीनले गेले म्हणून."

काका आले. काकूला घेऊन आले, पांढरा शर्ट घालून आले आणि मांडवाच्या अगदी टोकाला बसले. बाबा दुसऱ्या टोकाला. कुंकू लागलं, साडी दिली, ओटी भरली, पेढे झाले, सगळं नीट पार पडलं. पानं वाढली. तेव्हा माझे होणारे सासरे, भला माणूस, सहज म्हणाले, "आमच्या पोरानं तुमची वेबसाइट दाखवली बरं आम्हाले. दोन दोन हायेत म्हणते. दोन काऊन?"

आपण कौतुक करत आहोत, असं त्यांना वाटलं.

टोकाकडून काकांचा आवाज आला. कित्येक वर्षांत त्यांनी बाबांना उद्देशून काढलेलं ते पहिलं वाक्य होतं. "भाऊले इचारा. आता तिसरी चीनमधी काढून राह्यले."

बाबा पानावरून उठले. हाताला वरणभात लागलेला. "मी काढून राह्यलो? का तू काढून राह्यला?"

"मी काऊन काढू? मले तर कागद आला. कोणीतरी तिकडे माह्यं नाव मागून राह्यलं म्हणून. असं नाव गावात दुसऱ्या कोणाचं हाये?"

"कागद मले आला!"

"खोटं नोको बोलू भाऊ, पाहुणे बसले हायेत!"

"घेऊन ये तुहा कागद!"

काकांनी कागद शर्टाच्या खिशातूनच काढला. ते येतानाच तो घेऊन आले होते, म्हणजे माझ्या साक्षगंधाला त्यांचाही काही कार्यक्रम ठरलेला होता. बाबांचा कागद कपाटातून आला. दोघांनाही इंग्रजी वाचता येत नव्हतं. वकीलसाहेब पंगतीत होते, पण ते जिलबीत गुंतले होते. मग नव्या साडीतली, ओटी सांभाळत बसलेली मी उभी राहिले आणि सगळ्या वऱ्हाडासमोर दोन्ही कागद मोठ्यानं वाचून मराठीत सांगितले. मुलाकडच्यांना मुलीचं शिक्षण तपासायचं असतं, ते असं तपासून झालं.

दोन्ही कागद शब्दाशब्दानं सारखे होते. तीच अदब, तीच तिसरी पार्टी, तीच तातडी. फक्त एकातल्या नावात आडवी रेघ होती, एकातल्या नव्हती.

बाबांनी काकांना विचारलं, "म्हणजे तू चीन नाई घेतलं?"

"घेतलं ना. तुह्यापासून वाचवाले घेतलं. हाँगकाँग बी घेतलं."

"मीही घेतलं."

"तैवान?"

"तेही."

मला वाटलं, आता उजेड पडेल. आता एक जण तरी म्हणेल की आपण फसलो. मुलाकडचे सगळे समजले होते, माझा होणारा नवरा खाली मान घालून हसू दाबत होता, आचारीसुद्धा समजला होता. काकांनी दोन्ही कागद उलटसुलट करून पाहिले आणि ते म्हणाले, "मंग भाऊ, ही तिसरी पार्टी कोण?"

"मी बी तोच इचार करून राह्यलो," बाबा म्हणाले.

आणि ते दोघं एका बाजेवर जाऊन बसले. इतक्या वर्षांचा अबोला होता, पण त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, वेळच नव्हता. वर्ध्याच्या एका पंपवाल्यावर संशय घेतला गेला, मग आर्वीच्या, मग त्यांच्या आत्याच्या जावयावर, कारण तो फार गोड बोलायचा. पाहुण्यांना निरोप द्यायला आई एकटीच गेटवर गेली. लग्नाची तारीख काढायची राहून गेली. साक्षगंध माझं होतं, पण जमलं त्या दोघांचं.

पुढल्या आठवड्यात दोघं मला घेऊन सायबर कॅफेत गेले. रस्त्यानं दोघं सोबत चालताना पाहून लोक दुकानांतून बाहेर आले. कॅफेवाल्याला काकांनी सरळ विचारलं, "आमच्या दोघायले एकच मेल येऊन राह्यला हे तुले माहीत होतं?"

"होतं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुम्ही दोघं बोलत नव्हते. मी मधात बोललो असतो तर माह्यासंगही बोलणं बंद केलं असतं," तो म्हणाला आणि की-बोर्डवरची धूळ पुसू लागला. बाबांना हे पटलं. त्यांनीही तेच केलं असतं.

मग चीनला पत्र लिहायला आम्ही बसलो. बाबा आणि काका दोन बाजूंनी सांगत होते, मी टाइप करत होते.

"लिही, आम्ही दोघं भाऊ एक हावोत."

"लिही, त्या पार्टीचं नाव, त्याच्या बापाचं नाव अन् गाव आम्हाले कळवा."

"नाईतर म्हणून लिही."

"नाईतर का?" मी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चीनवर दोघांचंही वजन कमी होतं. "नाईतर आम्हीच येतो, असं लिही," काका म्हणाले. मी 'कृपया योग्य ती माहिती द्यावी' असं लिहिलं आणि दोघांना ते फार कडक लिहिल्याचं सांगितलं.

उत्तर दोन दिवसांत आलं. चीनवाल्यांना आम्ही भाऊ आहोत हे वाचून आनंद झाला होता. त्यांनी तिसऱ्या पार्टीची समजूत घातली होती आणि ती मोठ्या मनानं माघार घेत होती. मात्र आता खेदानं कळवावं लागत होतं की एका चौथ्या पार्टीनं आमची दोन्ही नावं कोरियासाठी मागितली आहेत, रेघवालं आणि बिनरेघेचंही. एकाच कुटुंबातले असल्यामुळे आम्हाला दोघांत मिळून खास सवलत मिळणार होती, दहा वर्षांसाठी.

बाबा म्हणाले, "कोरिया घेऊन टाकू का मंग? सवलत देऊन राह्यले."

काकांनी मला पत्र पुन्हा वाचायला लावलं. मग ते खुर्चीत मागे रेलले आणि हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, तिकडे कोणी नाईच."

"का म्हणतो?"

"तिसरा बी नाई अन् चौथा बी नाई. आपलं नाव कोणीच नाई मागतलं. लिहिणाराच पार्टी हाये."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. आजवर मी हे हसून सांगत आले, पण त्या वेळचा त्यांचा चेहरा मला आठवतो. पैसे गेले याचं दुःख त्यांना होतंच. त्याहून जास्त दुःख, चीनमध्ये आपलं नाव कोणालाच नको होतं, याचं झालेलं दिसत होतं. एवढी वर्षं ज्या नावासाठी दोन दुकानं डोळ्यात तेल घालून बसली होती, ते नाव चोरायला कोणी येतच नव्हतं. काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढूनही घेतला.

ते पोलिसांतही जाऊन आले. तिथल्या हवालदारानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "चोरीले का गेलं?"

"नाव," बाबा म्हणाले.

"कोणाचं?"

"आमचं."

हवालदारानं त्यांचं नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. "हे तर तुमच्यापाशीच हाये," तो म्हणाला. मग त्यानं आपल्या विहिरीवरची मोटर पाणी कमी उपसते ते काय असावं, असं विचारलं. दोघांनी मिळून त्याला फुटव्हॉल्व्ह बदलायला सांगितलं आणि परत आले.

माझं लग्न त्यानंतरच्या उन्हाळ्यात झालं. मी सिंदी मेघेला राहायला आले आणि बाबांचं इंटरनेट खातं मंत्र्याविना राहिलं. त्यांनी आता एकच धोरण ठेवलं होतं. इंग्रजीत काहीही आलं की फाडायचं. ज्या विदेशी कंपनीकडे आमचं मूळ नाव पहिल्या पत्रानं गेलं होतं तिचं खरोखरचं मुदतीचं बिल आलं. तेही फाडलं. तिचा ईमेल कॅफेवाल्यानं छापला, तोही फाडला. बँकेचं एक पत्र आणि विजेच्या मोटर बनवणाऱ्या कंपनीचं नवं दरपत्रकही त्याच झपाट्यात गेलं. मी फोनवर सांगितलं, "बाबा, ह्या वेळचं खरं हाये, भरा."

"खरं असतं तर मुदत संपून राह्यली म्हणून भेव दाखवलं असतं का?" ते म्हणाले. "भेव दाखवणारे सारे सारखेच."

नाव गेलं. ह्या वेळी कोणी चोरलं नव्हतं, धमकी दिली नव्हती, ते नुसतं संपलं आणि दुसऱ्या कोणी उचललं. बाबा एकदा आमच्याकडे आले असताना मी त्यांना घरच्या कॉम्प्युटरवर ते पान दाखवलं. वरती आमचं आडनाव, खाली कर्ज देणाऱ्या, वजन कमी करणाऱ्या आणि विदेशी सहलींच्या जाहिराती, आणि मधे एक गोरी बाई खूप दात दाखवून हसत होती.

बाबांनी चष्मा लावून पाहिलं. "ही कोण?"

"कोणी नाई. जाहिरातीतली हाये."

"आपल्या नावावर बसली म्हणून इचारलं," ते म्हणाले. मग माझ्या सासऱ्यांना बोलावून त्यांनी ती बाई दाखवली आणि ही आमच्या घराण्यातली नाही, असा खुलासा केला.

काही महिन्यांनी त्यांच्या मोबाइलवर एक फोन आला. बोलणारा तरुण होता, दिल्लीकडचा असावा, हिंदीत बोलत होता. ही हकिगत बाबांनी मला इतक्यांदा सांगितली आहे की मी तिथं हजर होते असंच मला वाटतं. "सर, आपका नाम हमारे पास उपलब्ध है," तो म्हणाला, "आप चाहें तो वापस ले सकते हैं."

"मेरा नाम मेरे पासच है," बाबा म्हणाले. "तुम अपना बताओ."

त्यानं सांगितलं. बाबांनी गाव विचारलं. शेती किती, पाणी विहिरीचं की कालव्याचं, वडील काय करतात, लग्न झालं का, हा फोनचा धंदा कोणी लावून दिला, पगार वेळेवर होतो का, हे सगळं विचारलं. त्यांच्याकडे दुपारची वेळ होती आणि दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्या मुलाची विहीर आटत होती, तेव्हा बाबांनी त्याला कोणती मोटर बसवायची ते तपशीलवार सांगितलं. मग बाबांनी रस्ता ओलांडून जाऊन काकांना सारं सांगितलं.

काकांचा चेहरा पडला. "मले काऊन नाई केला फोन?"

"तुह्यं नाव तर तुह्यापाशीच हाये अजून," बाबा म्हणाले. "अन् मधातली ते रेघ घेऊन कोण का करीन?"

झालं. त्या वाक्यावर पुन्हा अबोला सुरू झाला. आई आणि काकूनं सुस्कारे टाकले आणि आठवडी बाजाराची वेळ पुन्हा ठरवून घेतली. दिवाळी तशीच गेली. मग हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आले, मोटरांना एकदम मागणी आली आणि काकांच्या दुकानातला माल संपला. गिऱ्हाइकं पायरीवरून परत जायला लागली. बाबांनी ते दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी हातगाडीवाल्याला बोलावलं, गोडाऊनमधल्या मोटरा गाडीवर चढवल्या आणि समोर पाठवून दिल्या. काकांनी त्या उतरवून घेतल्या, एक उघडून तपासली आणि हातगाडीवाल्याच्या हाती निरोप धाडला की यातल्या एकीचं वायसर नाई, ते आणून दे. बाबा ते वॉशर घेऊन स्वतः गेले.